खोलीतलं दुसरं शरीर

खोलीत नुसती शांतता होती, आणि तिच्यात एक झाकण पडलं.

स्टीलच्या डब्याचं झाकण. आधी खणकन, मग फरशीवर गरगर, गरगर, फेरे लहान होत होत एकदम गप्प. माझ्या कानांवर आवाजाची गाळणी होती, तिच्यातून तो आवाज शेजारच्या घरातून यावा तसा लांबून आला. त्या क्षणी माझ्या दोन बोटांत दोऱ्याएवढी बारीक नळी होती आणि बोटांसमोर एका बाळाचे ओठ होते. बाळ एक किलो एकशे ऐंशी ग्रॅमचं. बाळ तोरणपाड्याला, सातपुड्याच्या कुशीत. मी मिरजेत. मधे सहाशे किलोमीटर.

झाकण फिरलं आणि माझा उजवा हात उडाला.

मी हलले नव्हते. उडाला तो तिकडचा हात. चार मिलिमीटर. माणसाच्या ओठापाशी चार मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, पण या बाळाच्या बाबतीत तेवढ्यात नळी अन्ननलिकेऐवजी श्वासनळीत जाऊ शकते. लगेच दोन्ही हात गोठले. चष्म्याच्या कडेला लाल अक्षरं आली: थरथर. या महिन्यातली दुसरी.

"ताई? हात थांबले तुमचे," कविताचा आवाज आला. कविता वळवी ही तोरणपाड्याच्या आरोग्यकेंद्रातली एकुलती एक नर्स. "नळी आत गेली होती?"

"नाही. ओठांपाशीच होती. तू काढून घे."

"घेतली. घाबरू नका, बाळी झोपलीय. जांभई दिली फक्त."

मी डोक्यावरचा चष्मा काढला. आमच्या फ्लॅटमधली मागची खोली, दहा बाय अकराची. फरशीवर शिवणाच्या डब्याचं झाकण पालथं पडलेलं. फळीवर डबा उघडा. खोलीत कोणी नव्हतं.

खालच्या मजल्यावर पिठाची गिरणी आहे. मला वाटलं, तिच्या हादऱ्यानं पडलं असेल.

*

माझं काम सांगायचं तर आधी त्या खोलीच्या भिंती सांगाव्या लागतील.

समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत, छताच्या एक वीत खाली, दोन काळ्या पेट्या आहेत. प्रत्येकीत एक छोटी मोटर आणि एक लेसर. मोटर फिरते आणि लेसरचा न दिसणारा पातळ पडदा सगळ्या खोलीवरून झाडून नेते, सेकंदाला शंभर वेळा. समुद्रावरचं दीपगृह फिरतं ना, तसंच, फक्त फार घाईत. माझ्या हातमोज्यांवर आणि चष्म्यावर तिळाएवढे डोळे बसवलेले आहेत. पडदा त्यांना शिवला की ते म्हणतात, "आत्ता." फेरी सुरू झाल्यापासून "आत्ता"पर्यंत किती वेळ गेला, त्यावरून कोन कळतो. एका पेटीचा एक कोन, दुसरीचा दुसरा. दोन्ही रेषा जिथे मिळतात तिथे माझं बोट. अर्ध्या मिलिमीटरच्या अचूकतेनं.

तेच बोट तोरणपाड्याच्या उबेच्या पाळण्यावर टांगलेल्या दोन रबरी हातांमध्ये उमटतं. त्यांना सगळे दूरहात म्हणतात. चष्म्यात मला मिरजेची खोली दिसतच नाही. तिकडचा हिरवा रंग, पाळणे, खिडकीबाहेरचा डोंगर दिसतो. खाली पाहिलं की माझ्या मनगटांच्या जागी ते हात दिसतात. उजव्यावर काळा दोरा आहे. बाळीच्या आईनं, रमीलानं, बांधलेला. "त्या हातालाही दृष्ट लागू नये," असं कवितानं मला तिच्या वतीनं सांगितलं होतं. काम संपवून मोजे काढले की मी कितीदा तरी स्वतःचं मनगट बघितलंय, दोरा कुठे गेला म्हणून.

डोंगरात नर्स टिकत नाहीत, आणि शहरांत माझ्यासारख्या शिकलेल्या नर्सेस बाळंतपणानंतर घरी बसलेल्या. त्यातून ही योजना निघाली. माझी मुलगी चारू व्हायच्या आधी मी सात वर्षं नवजात शिशूंच्या कक्षात काढली होती. हातांना सगळं आठवत होतं. नऊ ते एक काम, आणि एक वाजता दार उघडलं की माझं घर. याहून बरं काय असतं?

नियम मात्र एकच आणि कडक. महिन्यात तीन थरथर झाल्या की खोली बाद. मग पुन्हा मोजमाप, तपासणी, तीन आठवडे. तोरणपाड्याला बदली हात नव्हते. आणि बाळीला अजून किमान पंधरा दिवस नळीनं दूध लागणार होतं.

*

"ताई, तुमच्या खोलीत चकाकणारं काय काय आहे?" शेंडग्यांनी फोनवर विचारलं. ते योजनेचे दुरुस्ती अभियंता. आवाजावरून कायम चहा पीत बोलताहेत असं वाटायचं.

"आरसा झाकलाय. खिडकीला काळं कापड आहे."

"स्टील?"

मी फळीकडे पाहिलं. "आहे थोडं."

"थोडं म्हणजे? कोल्हापूर-सांगलीच्या बायका थोडं म्हणतात तेव्हा मला धडकी भरते. सगळं काढा. पडदा स्टीलवर पडतो, तिथून उलटतो आणि मोज्याला दुसऱ्यांदा शिवतो. मग पेटीला वाटतं, बोट भिंतीपलीकडे आहे. गोल फिरणारं झाकण म्हणजे तर जत्रेतला लायटिंगवालाच की हो."

तर सगळं स्टील स्वयंपाकघरात गेलं. माझ्या सासूबाई, आत्ती, कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

"काय गं त्रिशला, माझ्या डब्यांनी काय घोडं मारलंय तुझ्या मशिनचं?"

"आत्ती, चकाकतं ते चालत नाही."

"चाळीस वर्षं घासून चकाकवलं, आता चकाकतं म्हणून बाहेर काढा. उद्या मला पण काढशील. टक्कल पडायला लागलंय."

चारू खदाखदा हसली. साडेचार वर्षांची. बालवाडीला मे महिन्याची सुट्टी होती. तिनं शिवणाचा डबा दोन्ही हातांनी छातीशी धरून स्वयंपाकघरात नेला, खालच्या फळीवर ठेवला आणि झाकणावर हात दाबून म्हणाली, "गप्प बस हं."

मग मी शेंडग्यांच्या सांगण्यावरून पेट्यांखालच्या पट्टीवर पाण्याची वाटी ठेवली. गिरणी सुरू झाली की पाण्यावर वळ्या उठतात का बघायला. उठत नव्हत्या. पेट्यांचे स्क्रू आवळले. दोघींची एकमेकींना ओळख पुन्हा करून दिली. सगळं ठीक होतं, आणि तरी चाचणीत बोट मधेच चमकून जात होतं, काचेतून पाहिल्यासारखं.

संध्याकाळी शेंडग्यांनी नोंदी उघडल्या.

"ताई, गिरणी नाही, डबे नाहीत. तुमच्या मागं दुसरं शरीर येतंय. बुटकं. पायाशी काहीतरी चकाकतं."

चारूचे पैंजण. आत्ती दर रविवारी दंतमंजनानं घासून लखलखीत करतात. आवाज यायचा नाही त्यांचा. त्यातले घुंगरू मीच पहिल्या महिन्यात पकडीनं काढून टाकले होते. ती घरभर पळायची, छुमछुम माझ्या माईकमधून तोरणपाड्याच्या कक्षात जायची आणि पाळण्यातली बाळं दचकायची. घुंगरू कागदाच्या पुडीत बांधून शिवणाच्या डब्यात ठेवले होते.

"मुलगी आहे," मी म्हटलं. "येते अधूनमधून. पैंजण काढून ठेवते तिचे."

"पैंजण काढाल. पण मूल तुमच्या आणि पेटीच्या मधे उभं राहिलं की किरण अडणारच. त्यापेक्षा एकल लावा ना."

एकल म्हणजे खोलीत एकच शरीर मानायचं. बाकी जे काही हलेल, चमकेल, आडवं येईल ते हिशेबातून वजा. चष्म्यातही त्याच्या जागी कक्षाची फरशी, भिंत रंगवली जाते. आवाज गाळला जातो.

"म्हणजे ती समोर आली तरी मला दिसणार नाही?"

"तुम्हाला आत्ता तुमचं कपाट दिसतं का? तसंच. आणि तिला आत येऊच द्यायचं नाहीये ना तुम्हाला?"

बरोबर होतं त्यांचं. मी आत्तींना सांगितलं, कामाच्या वेळी हिला आत पाठवू नका. आत्ती म्हणाल्या, "बरं." चारू फोनकडे बघत होती. फोन स्पीकरवर होता, हे मला नंतर लक्षात आलं.

मी एकल लावलं. मग पैंजण काढायची गरज उरली नाही. बोट सुतासारखं सरळ चाललं.

*

पुढचे अठरा दिवस फार चांगले गेले. बाळीचं वजन रोज दहा-पंधरा ग्रॅमनं वाढत होतं. रमीला पाळण्यापाशी येऊन दूरहाताचं बोट कपाळाला लावायची. मी चष्म्याच्या आत हसायचे, तिला दिसायचं नाही तरी.

घरात काहीतरी बदललं होतं, पण ते इतकं हळू की बोट ठेवता येईना. पूर्वी एक वाजता मी दार उघडलं की चारू पायांवर आदळायची. आता ती आधीच दाराशी उभी असायची, अगदी जवळ, काही न बोलता.

आमच्यात एक करार होता. सुरुवातीलाच मी तिला सांगितलं होतं, कामात असताना हाका मारायच्या नाहीत, अंगावर यायचं नाही. अगदीच हवं असेल तर माझी ओढणी ओढायची. मी ओढणी कमरेला गाठ मारून घालते, टोक माझ्या स्टुलामागे लोंबतं. पहिल्याच दिवशी तिनं ती चौदा वेळा ओढली. पाणी हवं म्हणून, मुंगी दिसली म्हणून, बाहुलीचा हात निघाला म्हणून. तेव्हा मी चिडले होते. "उगाच ओढायची नाही चारू! खरंच हवं असेल तरच."

त्यानंतर एकदाही ओढली नव्हती. मला वाटलं, शहाणी झाली.

एका दुपारी ती बाहुलीशी खेळत होती. बाहुलीला उभी केली आणि तिच्यावर माझा रुमाल टाकला.

"ही आता नाहीये," ती म्हणाली.

"कुठे गेली?"

"इथंच आहे." तिनं रुमालावरून हात फिरवला. "पण नाहीये. एकल लावलंय."

मी भाजी निवडत होते. हातातली मेथीची काडी तशीच राहिली. सुकुमारला, माझ्या नवऱ्याला, सांगितलं. तो कुपवाडच्या कारखान्यातून नुकताच आला होता, बूट काढत होता. "मुलं बघतात ते खेळतात," तो म्हणाला. "मी लहानपणी कंडक्टर व्हायचो." मग बूट कोपऱ्यात ठेवले. "तू विचारलंस का तिला, आत येते का म्हणून?"

"आत्ती असतात ना."

आत्तींना विचारायचं राहिलं. खरं म्हणजे विचारलं नाही.

*

एकोणिसाव्या दिवशी, साडेअकराच्या सुमाराला, कविता म्हणाली, "ताई, एक बाई अडलीय. मी तिकडं जाते. दहा मिनिटं बाळीला सांभाळा."

"जा. आहे मी."

दार लागलं. कक्षात मी आणि बाळी. तिच्या पायाला लावलेल्या यंत्रावर हिरवे आकडे. एवढ्या लवकर जन्मलेली बाळं कधीकधी श्वास घ्यायला विसरतात. विसरतात हाच शब्द बरोबर आहे. मेंदूतला आठवण करून देणारा भाग पुरता तयार नसतो. तळपायाला टिचकी मारली की बहुतेकदा आठवतं.

अकरा बेचाळीसला बाळी विसरली.

मी टिचकी मारली. पाठीवरून बोट फिरवलं. ऑक्सिजनचे आकडे खाली. नव्वद. ऐंशी. ओठांचा रंग जांभळाकडे गेला. मी डाव्या हातानं मास्क तिच्या नाकातोंडावर बसवला, उजव्यानं फुग्यासारखी पिशवी धरली. दाब, दोन, तीन. दाब, दोन, तीन. मुठीएवढी छाती वर आली. चांगलं. दाब, दोन, तीन.

ओढणी ओढली गेली.

गाळणी डोळ्यांना लागते, कानांना लागते. कमरेला लागत नाही.

दाब, दोन, तीन. आत्ता नको, सोन्या. हृदयाचे ठोके सत्तर. शंभरच्या वर हवेत. दाब, दोन, तीन.

पुन्हा ओढ. आणि पुन्हा, जोरात. मी "आत्ती!" अशी हाक मारली. आत्ती त्या वेळी जैन बस्तीत दर्शनाला गेलेल्या असतात, हे मला त्या क्षणी आठवलं. दाब, दोन, तीन. मनात म्हटलं, पाणी हवं असेल. मुंगी असेल. दाब, दोन, तीन.

मग ओढणं थांबलं, पण ओढणी सैल झाली नाही. कमरेच्या गाठीवर एक वजन लोंबत राहिलं. खाली खाली जाणारं.

सात वर्षं मी ज्या कक्षात काढली तिथे हात आधी शिकतात, डोकं मागून येतं. ते वजन माझ्या पाठीला कळलं. पण दोन्ही हात अडकलेले, चष्मा काढता येईना.

"एकल बंद," मी मोठ्यानं म्हटलं.

कडेला अक्षरं आली. दुसरं शरीर: एक. आणि तोरणपाड्याच्या फरशीवर, पाळण्याच्या पायाशी, माझी मुलगी उमटली. राखाडी, चेहऱ्याशिवाय, ठिपक्यांची. गुडघ्यांवर बसलेली. एका हातात ओढणी. दुसरा हात गळ्याशी.

पायाखाली एक पेडल असतं. ते दाबलं की दूरहात आहेत त्या जागी थांबतात आणि माझे हात माझे होतात. दाबलं तर मास्क बाळीच्या तोंडावर तसाच राहील. पिशवी कोणी दाबणार नाही.

मी पेडल दाबलं.

चष्मा भिरकावला. चारूचे ओठ बाळीसारखेच. मी तिला मांडीवर पालथी घेतली, डोकं खाली, आणि तळहाताच्या टाचेनं दोन खांद्यांच्या मधे मारलं. एक. दोन. माझ्या हातांत अजून ते मोजे. तीन. "चारू, चारू." चार. पाचव्याला तिच्या तोंडातून काहीतरी उडालं आणि फरशीवर पडलं.

छन्न.

वाटाण्याएवढा घुंगरू. उड्या मारत, वाजत, दारापाशी गेला.

मग ती रडली. इतकं सुंदर रडणं मी आधी एकदाच ऐकलं होतं, साडेचार वर्षांपूर्वी.

पण पाय पेडलवर होता आणि डोळ्यांसमोर ते जांभळे ओठ. मी चष्मा ओढून घेतला. एकल बंद होतं. म्हणजे आता चारू हिशेबात होती आणि तिचे पैंजणही. एक चमक, तिसरी थरथर, की हात गोठणार आणि यावेळी गोठलेलेच राहणार. मी कमरेची गाठ सोडली आणि ओढणी तिच्या दोन्ही पायांभोवती गुंडाळली, घट्ट, पैंजणांवरून. तिला गुडघ्यांच्या मधे धरलं. "हलायचं नाही, सोन्या. रड हवं तेवढं. फक्त पाय हलवायचे नाहीत."

पेडल सोडलं. हात जिवंत झाले.

ठोके बावन्न.

दाब, दोन, तीन. दाब, दोन, तीन. माझ्या छातीशी चारूचं डोकं हुंदके देत होतं आणि प्रत्येक हुंदक्याला मी माझे खांदे अजून ताठ करत होते, बोटांपर्यंत काही पोचू नये म्हणून. साठ. दाब, दोन, तीन. पंचाऐंशी. एकशे दहा. बाळीच्या कपाळाला आठी पडली, तिनं तोंड वाकडं केलं आणि मांजराच्या पिलासारखा एक आवाज केला.

तिला आठवलं होतं.

*

कविता धावत आली तेव्हा तिचे मोजे रक्तानं माखलेले होते. "मुलगा झाला तिकडं," ती म्हणाली, मग आकड्यांकडे पाहिलं. यंत्र मागची दहा मिनिटं दाखवत होतं. खाली गेलेली रेघ, आणि तिच्या तळाशी सपाट तुकडा.

"ताई, मधे हात थांबले होते?"

"हो."

"खोली थरथरली?"

तसं म्हणता आलं असतं. खोलीवर ढकललं तर कोणी काही बोललं नसतं.

"नाही. मी पेडल दाबलं. माझ्या मुलीच्या घशात घुंगरू अडकला होता. त्रेचाळीस सेकंद."

तिनं मोजे बदलले. मग तिनं बाळीचा पाय हातात घेतला, गुलाबी होत चाललेला. "आता बरी दिसतेय. पुढं काय ते मोठी झाल्यावरच कळंल," ती म्हणाली. "तुमची कशी आहे?"

"रडतेय."

"रडू दे." जाताना तिनं दूरहाताच्या मनगटावरचा सुटत आलेला काळा दोरा पुन्हा बांधला. "उद्या येताय ना, ताई?"

मी "कळवते" म्हटलं आणि चष्मा काढला.

आत्ती आल्या, ऐकलं, आणि उंबऱ्यातच खाली बसल्या. "मी बस्तीला जाताना म्हटलं तिला, शेजारी बस जा. तर म्हणाली, आईजवळ बसते, आईला चालतं. रोजच बसते की गं. आवाज करत नाही म्हटल्यावर मला वाटलं तुला ठाऊक असेल."

शेंडग्यांनी दुपारी नोंदी पाठवल्या. एकलनं वजा केलेलं सगळं यंत्र फेकून देत नाही, बाजूला ठेवतं. आमच्या खोलीचा वरून काढलेला नकाशा होता. मधे मी, निळी. माझ्या मागे हातभर अंतरावर एक राखाडी ठिपका. नऊ दहा ते बारा पन्नास. नऊ पाच ते बारा पंचावन्न. असे अठरा दिवस. एका दिवशी ठिपका उठून माझ्यासमोर आला होता आणि सहा मिनिटं जागच्या जागी वरखाली हलत होता. मी चारूला विचारलं, हे काय करत होतीस? "नाचत होते," ती म्हणाली. "तू हसलीस पण. पण माझ्याकडे बघून नाही."

"ताई, झालं गेलं," शेंडगे फोनवर म्हणाले. आज चहाचा आवाज नव्हता. "उद्यापासून बाहेरून कडी लावा आणि एकल ठेवा. तिसरी थरथर झाली नाही, खोली वाचलीय."

"तिच्या पैंजणाला एक डोळा बसवता येईल? मोज्याला असतो तसा. म्हणजे ती वजा नाही होणार, मोजली जाईल. आज मी तिला मांडीत घेऊन हात चालवलेत, शेंडगे. एक थरथर नाही."

"बघितलं मी. दोनदा बघितलं." कागद चाळल्याचा आवाज आला. "पण एका खोलीत दोन शरीरं, असा नियमच नाही. अर्ज करावा लागेल. वेळ लागेल."

"किती?"

"तीन आठवडे तर धराच. तोपर्यंत तोरणपाड्याला कोण, ते मी सांगू शकत नाही. दुसरं शरीर नोंदलं गेल्यावर एकल काढलंत तर खोली बंद म्हणून नोंद होते. काय लिहू?"

स्वयंपाकघरातून आत्तींचा भांडी हलवण्याचा आवाज येत होता, मुद्दाम हळू केलेला. मला रमीलाचं कपाळ आठवलं, रबरी बोटाला टेकलेलं.

"बंद लिहा," मी म्हटलं. "आणि अर्ज आजच्या तारखेचा."

*

संध्याकाळी मी खिडकीवरचं काळं कापड काढलं. खोलीत ऊन आलं, पेट्या आंधळ्या झाल्या. मी फरशीवर बसले, पकड घेतली, आणि चारूच्या पैंजणांत एकेक घुंगरू परत अडकवायला लागले. ती माझ्या मांडीवर होती. आवाज बसलेला, गळ्याभोवती आत्तींनी गुंडाळलेला मऊ फडका.

"तोंडात का घातलास गं?" मी विचारलं.

"हातात वाजतो ना. मग बाळी उठते." तिला हे मला सांगावं लागतंय याचंच नवल वाटलं. "तोंडात वाजत नाही."

मी पुढचा घुंगरू उचलला. कडी उघडी करायला दोन-तीनदा पकड निसटली. दुपारपासून मी मनात मोजत होते. पहिली ओढ आणि पेडल यांच्या मधे मी बाळीला अकरा श्वास दिले होते. दाब, दोन, तीन, असे अकरा.

चारूनं खाली लोंबणारं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"आई," ती बसक्या आवाजात म्हणाली, "तू खरंच हवी असलीस तर किती वेळा ओढायची असते?"